दिवा लावण्याआधी: सॅपमधली बिझनेस फंक्शन्स निवडून कशी चालू करावीत

टॅलीवर हात बसलेल्या माणसाला एफ११ ची सवय असते. कॉस्ट सेंटर हवं आहे, एफ११ दाबलं, 'होय' केलं, झालं. नको वाटलं तर पुन्हा 'नाही'. पुण्यात अकाउंट्समधली पुष्कळ माणसं टॅलीवरूनच सॅपकडे, म्हणजे कंपनीची सगळी खाती जोडणाऱ्या मोठ्या सॉफ्टवेअरकडे, येतात. मीही तशीच आले आणि ही सवय सोबत घेऊन आले. सॅपमध्येही पर्यायी सोयी चालू करायचा एक पडदा आहे. तिथेही यादी आहे, समोर चौकटी आहेत, टिक करायची सोय आहे. फरक एवढाच, की तिथली बहुतेक टिक एकदा लागली की पुन्हा काढता येत नाही.

हा लेख ईसीसी ६.० वर, म्हणजे सॅपच्या जुन्या आवृत्तीवर, काम करणाऱ्यांसाठी आहे. चाकण, रांजणगाव, भोसरी या पट्ट्यात असे कारखाने आजही बरेच आहेत. एस-फोर हानाची, म्हणजे तिच्यानंतरच्या नव्या आवृत्तीची, तयारी करणाऱ्यांनाही यातला शेवटचा भाग लागेल. मी फायनान्सची कन्सल्टंट आहे, म्हणून उदाहरणं त्या बाजूची आहेत. पद्धत मात्र मेंटेनन्सला असो की खरेदीला, तीच.

आधी थोडं आतलं

ईसीसी ६.० आलं २००५ च्या सुमारास. त्याआधी नवी सोय हवी तर अख्खी सिस्टिम अपग्रेड करावी लागे, म्हणजे काही महिन्यांचा प्रोजेक्ट आणि सगळ्या खात्यांचं टेस्टिंग. ते टाळायला एन्हान्समेंट पॅकेजची कल्पना आली. पहिलं पॅकेज २००६ चं, आठवं आणि शेवटचं २०१६ चं. बेसिसवाले, म्हणजे सॅपची सिस्टिम सांभाळणारे, पॅकेज बसवतात तेव्हा नवा प्रोग्रॅम सिस्टिममध्ये येऊन पडतो, पण झोपलेला असतो. सकाळी युजर लॉगिन करतो तेव्हा त्याला कालचाच पडदा दिसतो. जागं करायचं काम वेगळं, आणि ते आपल्या हातात असतं.

जागं करायचं एकक म्हणजे बिझनेस फंक्शन. त्याच्या पोटात स्विच असतात. एकेक स्विच कशाकशाला बांधलेला असतो: प्रोग्रॅमचा एखादा तुकडा, पडद्यावरचं एखादं फील्ड, मेनूतली ओळ, कॉन्फिगरेशनच्या झाडातली फांदी. फंक्शन चालू केलं की त्यातले सगळे स्विच एकदम चालू होतात. 'यातलं पहिलं फील्ड द्या, बाकीचं नको' असं या पडद्यावर सांगता येत नाही. म्हणून निवड फंक्शनच्या पातळीवरच नीट करावी लागते.

यादी उघडायचा ट्रान्झॅक्शन कोड एसएफडब्ल्यू५. तिथे तीन कप्पे दिसतात. एकात एंटरप्राइज एक्स्टेन्शन्स, म्हणजे जुन्या काळापासूनचे मोठे गठ्ठे. ईए-फिन, ईए-एचआर ही नावं तिथली. दुसऱ्यात एंटरप्राइज बिझनेस फंक्शन्स, पॅकेजांबरोबर आलेली. ही शेकड्यांनी आहेत. तिसऱ्यात उद्योगांचे संच: रिटेल, तेल, वीज कंपन्या, आपल्याकडच्या वाहन-सुट्या भागांसाठी डिस्क्रीट इंडस्ट्रीज वगैरे. ईसीसीमध्ये या तिसऱ्या कप्प्यातला एकच संच एका सिस्टिममध्ये चालतो, आणि तो निवडून चालू केला की बदलता येत नाही. ज्या ग्रुपमध्ये कारखानाही आहे आणि दुकानंही आहेत आणि सगळं एकाच सिस्टिमवर आहे, तिथे हा निर्णय संचालकांच्या टेबलावर गेल्याशिवाय कोणीही त्या कप्प्याला हात लावू नये.

यादीत चालू असलेल्या फंक्शनपुढे पिवळा दिवा पेटलेला दिसतो. आमच्यात त्यावरूनच बोलतात, 'याचा दिवा लागलाय का बघ.'

गरज कागदावर आली पाहिजे

नवं पॅकेज बसलं की कोणीतरी म्हणतं, 'आता यात काय काय मिळतंय ते बघू या.' इथून सुरुवात केली की गाडी हमखास भलतीकडे जाते, कारण यादी वाचायला बसलं की प्रत्येक फंक्शन कामाचं वाटतं. सुरुवात खात्यातल्या माणसाच्या टेबलापासून करा.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालते. पुण्यात जर्मन मालकीच्या कंपन्या भरपूर. मूळ कंपनीचं वर्ष ३१ डिसेंबरला संपतं, आपलं ३१ मार्चला. मूळ कंपनीला हिशेब त्यांच्या पद्धतीने हवा, इथे कंपनी कायद्याप्रमाणे हवा, आयकराचा आणखी वेगळा. जुन्या ॲसेट अकाउंटिंगमध्ये, म्हणजे मालमत्तेच्या हिशेबात, मुख्य मूल्यांकनाच्या नोंदी जागच्या जागी पडतात. दुसऱ्या लेजरसाठी, म्हणजे दुसऱ्या पद्धतीच्या खातेवहीसाठी, मात्र महिनाअखेरीला वेगळा प्रोग्रॅम चालवावा लागतो. तोपर्यंत दोन लेजर जुळत नाहीत, आणि ॲसेट बघणाऱ्या ताई एक्सेलमध्ये फरकाचा तक्ता ठेवून असतात. सातव्या पॅकेजमध्ये यासाठी नवं ॲसेट अकाउंटिंग आलं. फंक्शनचं नाव फिन-एए-पॅरलल-व्हॅल. त्यात समांतर लेजरांच्या नोंदी एकाच वेळी पडतात.

ही गरज लिहायची तर मी एका पानापेक्षा जास्त लिहू देत नाही. आज हे काम कोण करतं आणि कसं करतं, त्यात कुठे चुकतं, नवी सोय आल्यावर कोणाकोणाच्या कामात बदल होईल, आणि सोय नाही घेतली तर काय अडेल. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. 'काही अडणार नाही' असं प्रामाणिक उत्तर आलं तर पान फाइलला लावून ठेवावं आणि दिवा लावू नये. पानावर सही खातेप्रमुखाची हवी, आयटीची नको. बदल ज्याच्या टेबलावर होणार, त्याने मागितलेला असला पाहिजे.

आज काय चालू आहे ते बघा

डेव्हलपमेंट (जिथे बदल करतात), क्वालिटी (जिथे तपासतात) आणि प्रॉडक्शन (जिथे रोजचं काम चालतं), या तिन्ही सिस्टिममध्ये एसएफडब्ल्यू५ उघडून पेटलेल्या दिव्यांची यादी काढा आणि शेजारी शेजारी ठेवून जुळवा. अर्ध्या तासाचं काम आहे, पण हे टाळल्याने मी काय पाहिलं आहे ते सांगते.

चाकणमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात आम्ही फायनान्सचं एक फंक्शन डेव्हमध्ये चालू केलं, ट्रान्सपोर्टने, म्हणजे बदल एका सिस्टिममधून दुसरीत नेणाऱ्या सोयीने, क्वालिटीत नेलं. दुसऱ्या दिवशी मेंटेनन्सच्या सुपरवायझरांचा फोन. ऑर्डरच्या पडद्यावर कधी न पाहिलेली फील्डं आली होती, आणि एक्सेलमधून ऑर्डरी चढवणारा त्यांचा प्रोग्रॅम पहिल्याच ओळीवर थांबत होता. आमचा मेंटेनन्सशी काही संबंध नव्हता. शोधल्यावर कळलं, की आठ महिन्यांपूर्वी कोणीतरी डेव्हमध्ये मेंटेनन्सचं एक फंक्शन 'बघू तरी काय होतं' म्हणून लावून पाहिलं होतं. ते परत बंद होणारं नव्हतं. कुठे नोंद नव्हती. क्वालिटी आणि प्रॉडक्शनमध्ये ते नव्हतंच.

मग ते आमच्याबरोबर पुढे कसं गेलं? इथे एसएफडब्ल्यू५ ची एक रीत पक्की लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्विचची सेटिंग्ज ट्रान्सपोर्टमध्ये घेताना फक्त आपण केलेला बदल जात नाही, त्या सिस्टिममधली सगळी स्थिती जाते. डेव्हमध्ये जेवढे दिवे लागलेले, तेवढे सगळे पुढच्या सिस्टिममध्ये लागायला निघतात. आम्ही एक दिवा उचलला, सोबत दुसरा आला.

क्वालिटीत कळलं म्हणून निभावलं. प्रॉडक्शनची तारीख महिनाभर पुढे ढकलली, मेंटेनन्सबरोबर बसून त्यांचं टेस्टिंग केलं, त्यांचा अपलोड प्रोग्रॅम दुरुस्त केला. त्या खात्याने न मागितलेल्या गोष्टीसाठी त्यांचे दोन आठवडे गेले, आणि त्यांचा राग रास्त होता. तेव्हापासून तिन्ही याद्या जुळल्याशिवाय मी पुढचं पाऊल टाकत नाही. जुळत नसतील तर आधी त्या फरकाचा निकाल लावायचा: प्रत्येक जादा दिव्यासाठी मालक खातं शोधायचं, त्यांच्याकडून टेस्टिंग करून घ्यायचं, मगच आपलं काम.

दस्तऐवज वाचायचा, शेवटपर्यंत

यादीतल्या प्रत्येक फंक्शनच्या ओळीत दस्तऐवजाचं चिन्ह असतं. ते उघडून वाचायला वीस मिनिटं पुरतात आणि बहुतेक जण ती देत नाहीत. मी वाचताना चार गोष्टी वहीत उतरवते.

पहिली, हे परत बंद होतं का. काही फंक्शन्स परतीची आहेत, पाचव्या पॅकेजपासून अशी येऊ लागली. पण बहुतेक परतीची नाहीत, कारण त्यांच्यामुळे टेबलांच्या रचनेत आणि नोंदींच्या पद्धतीत बदल होतो. परतीचं असलं तरी बंद करून पाहण्याची चाचणी सँडबॉक्समध्ये, म्हणजे प्रयोगासाठीच्या वेगळ्या सिस्टिममध्ये, करावीच. बंद केल्यावर मधल्या काळात भरलेल्या माहितीचं काय होतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं बरं.

दुसरी, याच्या आधी काय चालू असावं लागतं. आमच्या उदाहरणात फिन-एए-पॅरलल-व्हॅल साठी ईए-फिन आधी चालू असावं लागतं. म्हणजे मागितलं एक आणि घ्यावी लागली दोन. त्या दुसऱ्याचाही दस्तऐवज वाचायचा, त्याचंही टेस्टिंग करायचं. लोक नेमके इथे चुकतात: मागितलेल्या फंक्शनवर सगळं लक्ष, आणि पूर्वअट म्हणून आलेलं फंक्शन टिक करून मोकळे. ईए-फिन लावल्यावर घसारा मोजणारा आतला प्रोग्रॅमच बदलतो. एवढी मोठी गोष्ट 'पूर्वअट' या एका शब्दाखाली दडलेली असते.

तिसरी, दिवा लागल्यावर पुढे काय करावं लागतं. नव्या ॲसेट अकाउंटिंगचा दिवा लागला म्हणजे ते सुरू झालं असं नाही. कॉन्फिगरेशनमध्ये त्याचं वेगळं बटण आहे, 'तयारीत' आणि 'चालू' अशा अवस्थांचं. मध्ये डेप्रिसिएशन एरिया (घसारा मोजायच्या वेगवेगळ्या पद्धतींचे कप्पे), लेजरच्या जोडण्या, सगळं मांडावं लागतं, आणि जुनी आर्थिक वर्षं बंद झालेली असावी लागतात. ऑडिट लांबलं म्हणून मागचं वर्ष उघडं ठेवलेलं असेल तर तारीख ठरवण्यात अर्थ नाही.

चौथी, लायसन्स. काही फंक्शन्सना वेगळे पैसे पडतात. पडदा तुम्हाला अडवत नाही, टिक लागते, आणि हिशेब नंतर होतो. म्हणून ज्यांच्याकडून लायसन्स घेतलं त्यांना फंक्शनचं नाव लिहून मेलवर विचारा आणि उत्तर मेलवरच घ्या.

एसएफडब्ल्यू-ब्राउझर नावाचं आणखी एक साधन आहे. फंक्शनच्या पोटात कोणते स्विच आहेत आणि ते कशाकशाला बांधलेले आहेत हे त्यात दिसतं. डेव्हलपरला शेजारी बसवून ते बघावं. आपल्या झेड प्रोग्रॅमांशी, म्हणजे कंपनीने स्वतः लिहून घेतलेल्या प्रोग्रॅमांशी, त्यातलं काही जुळतं का, हे तो पाच मिनिटांत सांगतो.

सँडबॉक्स, आणि आधीचे आकडे

सँडबॉक्स म्हणजे प्रॉडक्शनची ताजी प्रत. दोन वर्षांपूर्वीची प्रत चालत नाही. जागेचा किंवा खर्चाचा प्रश्न असेल तर तो आधी सोडवा, कारण डेव्हमध्ये 'लावून बघण्याची' किंमत वर सांगितलीच.

दिवा लावण्याआधी 'आधीचे' आकडे काढून ठेवायचे. नंतर काढता येत नाहीत. घसाऱ्यासाठी मी काय काढते ते सविस्तर सांगते, कारण 'रिग्रेशन टेस्टिंग करा', म्हणजे जुनं काम अजून बरोबर चालतं का ते तपासा, एवढं म्हणून कोणाचं भलं होत नाही.

ॲसेटची यादी घेऊन त्यातून वेगवेगळ्या जातीचे पंधरा-वीस ॲसेट निवडायचे. सरळ चालणारे दोनच पुरेत, बाकी अडचणीचे घ्यायचे: वर्षाच्या मध्ये घेतलेला, वर्षाच्या मध्ये विकलेला, एका कॉस्ट सेंटरवरून दुसरीकडे हलवलेला, आयुष्य संपून फक्त अवशिष्ट किंमत उरलेला, मागच्या वर्षी आयुष्य बदललेला, आणि आपल्या भागात हमखास असणारा, दोन किंवा तीन पाळ्यांत चालणारा.

या शेवटच्यावर थोडं थांबते. कंपनी कायदा २०१३ च्या परिशिष्ट दोनप्रमाणे साध्या यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं. समजा एक सीएनसी मशीन २४,००,००० रुपयांचं, अवशिष्ट किंमत ५ टक्के. घसाऱ्यायोग्य रक्कम २२,८०,०००, म्हणजे सरळ पद्धतीने वर्षाला १,५२,०००. तेच मशीन दुसऱ्या पाळीतही चाललं तर तेवढ्या काळाचा घसारा ५० टक्क्यांनी वाढतो, तिसऱ्या पाळीतही चाललं तर १०० टक्क्यांनी. पूर्ण वर्ष दोन पाळ्या धरल्या तर २,२८,०००, तीन धरल्या तर ३,०४,०००. सॅपमध्ये हे ॲसेट मास्टरमधल्या शिफ्ट फॅक्टरने येतं. आणि कारखाना काही वर्षभर तीन पाळ्यांत चालत नाही. ऑगस्टपासून तिसरी पाळी सुरू होते, जानेवारीत बंद होते. वर्षाच्या मध्ये बदललेला शिफ्ट फॅक्टर नवा प्रोग्रॅम कसा मोजतो, ते जुन्या आकड्याशी लावून पाहिलंच पाहिजे. आयकराच्या एरियात याच मशीनचा घसारा १५ टक्के, आणि पहिल्या वर्षी १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं असेल तर त्याच्या निम्मा. २४,००,००० वर पूर्ण वर्षाचा ३,६०,०००, निम्मा १,८०,०००. हे आकडे आधी हाताने मोजून कागदावर लिहून ठेवायचे. मग तीन रकाने होतात: हाताने मोजलेला, दिवा लावण्याआधीचा, लावल्यानंतरचा.

फरक निघाला तर घाबरायचं कारण नाही, पण एकही फरक 'राउंडिंग असेल' म्हणून सोडून द्यायचा नाही. कधी कधी असंही दिसतं, की नवा आकडा बरोबर आहे आणि जुनाच इतकी वर्षं चुकीचा होता. तो प्रश्न सीएंकडे न्यायचा. कन्सल्टंटने स्वतः निकाल देऊ नये.

डेव्हमध्ये दिवा लावणं

आता प्रत्यक्ष काम. ते ऐकायला जितकं मोठं वाटतं, करायला तितकंच छोटं.

एसएफडब्ल्यू५ मध्ये आपलं फंक्शन शोधा. 'नियोजित स्थिती'च्या रकान्यात टिक करा. पूर्वअटीचं फंक्शन आधीच चालू नसेल तर त्यालाही टिक लागेल. लगेच चालू करण्याचं बटण दाबू नका. आधी तपासणीचं बटण आहे, ते दाबा. पूर्वअट राहिली असेल किंवा दोन फंक्शन्स एकमेकांशी भांडत असतील तर इथे कळतं. तपासणी स्वच्छ आली की टिकांची यादी शेजारच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. यादीत वरखाली करताना चुकून शेजारच्या ओळीत टिक लागते, आणि नावं सगळी एकसारखी दिसणारी असतात. हे मी दर वेळी करते, एकटी असले तर फोनवर करते.

मग चालू करा. बॅकग्राउंड जॉब सुरू होतो. डिक्शनरीतली, म्हणजे माहितीच्या रचनांच्या यादीतली, टेबलं जुळवली जातात, त्यामुळे वेळ लागतो. मोठ्या फंक्शनला बराच लागतो. तेवढ्या वेळात त्या सिस्टिममध्ये दुसरा ट्रान्सपोर्ट आणू नका, डेव्हलपरना काम थांबवायला सांगा. ही सेटिंग क्लायंटपुरती, म्हणजे सिस्टिममधल्या एका स्वतंत्र कप्प्यापुरती, नसते, सिस्टिममधल्या सगळ्या क्लायंटना लागू होते. म्हणजे 'मी माझ्या टेस्ट क्लायंटमध्ये लावून बघतो' असं काही नसतं.

जॉब संपला की लॉग वाचा. हिरवी खूण बघून उठू नका, खालच्या पातळ्या उघडा. लाल ओळी बहुतेक वेळा झेड वस्तूंमुळे येतात, म्हणजे कधीकाळी कोणीतरी मूळ टेबलाला जोडलेलं फील्ड किंवा त्यावर बांधलेली रचना, जी आता बसत नाही. ती डेव्हलपरने दुरुस्त करायची आणि पुन्हा ॲक्टिव्हेशन चालवायचं. लॉगचा प्रिंटआउट ठेवा. क्वालिटीत आणि प्रॉडक्शनमध्ये त्याच ओळी त्याच क्रमाने येतात का ते बघायला उपयोगी पडतो. युजरना लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करायला सांगा, म्हणजे नवे मेनू आणि फील्डं नीट दिसतात.

ट्रान्सपोर्टचा क्रम

स्विचची सेटिंग्ज एसएफडब्ल्यू५ च्या मेनूतूनच ट्रान्सपोर्ट रिक्वेस्टमध्ये घेता येतात. रिक्वेस्ट स्वतंत्र ठेवा, तिच्यात दुसरं काही नको. कॉन्फिगरेशनची रिक्वेस्ट तिच्यानंतर, तिचा इम्पोर्ट पूर्ण होऊन लॉग वाचून झाल्यावर. कारण ज्या फांद्यांवर ते कॉन्फिगरेशन बसणार, त्या फांद्या दिवा लागेपर्यंत समोरच्या सिस्टिममध्ये उघडलेल्याच नसतात. दोन्ही एका रांगेत टाकून 'सगळं इम्पोर्ट' केलं तर काय तुटलं हे शोधत बसावं लागतं.

रिक्वेस्ट सोडायच्या दिवशी सकाळी तिन्ही याद्या पुन्हा एकदा जुळवा. मधल्या दिवसांत कोणी काही लावलं नाही ना, एवढंच बघायचं.

क्वालिटीत कुठे मोडतं

की-युजर, म्हणजे खात्यातर्फे तपासणी करणारी माणसं, आपल्या रोजच्या नोंदी करून बघतात आणि 'ओके' लिहितात. ते हवंच. पण माझ्या अनुभवात मोडतं ते तिसऱ्याच ठिकाणी.

पडद्यावर नवं फील्ड किंवा नवा टॅब आला की जुन्या रेकॉर्डिंगवर चालणारे अपलोड प्रोग्रॅम तुटतात. ते पडद्यांचा ठरावीक क्रम धरून चालतात. क्रम बदलला की थांबतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या फील्डमध्ये भरतात. पुण्यातल्या जवळपास प्रत्येक कारखान्यात असे पाच-पंचवीस प्रोग्रॅम असतातच, आणि निम्मे कोणी लिहिले हे आता कोणाला माहीत नसतं. त्यांची यादी करून प्रत्येक एकदा चालवून बघा. एक्सेलमधून पडदा चालवणाऱ्या स्क्रिप्ट त्यातच धरा. त्या आयटीच्या यादीत नसतात, युजरच्या डेस्कटॉपवर असतात, म्हणून खात्यात जाऊन विचारावं लागतं.

दुसरं, रोल, म्हणजे युजरला दिलेल्या अधिकारांचा संच. नवे ट्रान्झॅक्शन, नवे अधिकार तपासले जातात. तुमचं टेस्टिंग सगळे अधिकार असलेल्या आयडीवरून झालं असेल तर प्रॉडक्शनमध्ये पहिल्या सकाळी युजर अडतो. टेस्टिंग युजरच्याच रोलवर करा.

तिसरं, दुसऱ्या सिस्टिमला जाणाऱ्या फाइली आणि छापील फॉर्म. हे पटकन होतं, पण विसरू नका.

दिवस कोणता निवडायचा

पिंपरी-चिंचवड, भोसरी पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बाहेरून आलेले कन्सल्टंट सवयीने शनिवार-रविवार धरतात आणि मग शनिवारी डिस्पॅच चालू असल्याचं कळतं. आपल्या कारखान्याची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी कोणती पाळी तरी चालते का, हे प्लँटमध्ये विचारून घ्या.

तारखांचं म्हणाल तर महिन्याचे पहिले दिवस क्लोजिंगचे, ७ ला टीडीएस भरणं, ११ ला जीएसटीआर-१ आणि २० ला ३बी ही जीएसटीची विवरणपत्रं. महिन्याचा शेवटचा आठवडा डिस्पॅचचा. उरतात २१ ते २४. त्यात गुरुवार आला तर सोनं. मार्च-एप्रिलमध्ये फायनान्सचं काही लावू नये, गणपतीत आणि दिवाळीच्या तोंडावर कोणाचंच काही लावू नये. माणसं नसतात, आणि काही अडलं तर फोन उचलायला कोणी नसतं. दिवाळीचा शटडाउन मोहात पाडतो, कारण सिस्टिम मोकळी असते. पण शटडाउननंतरच्या पहिल्या दिवशी सगळा कारखाना एकदम सिस्टिमवर येतो आणि मदतीला असायला हवीत ती निम्मी माणसं अजून गावाला असतात.

प्रॉडक्शनमध्ये लावण्याआधी पूर्ण बॅकअप, आणि तो परत बसवून पाहिलेला. परत न फिरणाऱ्या फंक्शनला मागे यायचा रस्ता तो एकच. हा रस्ताही थोडाच वेळ उघडा असतो: युजरनी नव्या नोंदी सुरू केल्या की जुना बॅकअप बसवणं म्हणजे त्या नोंदी पुसणं. म्हणून सिस्टिम युजरसाठी उघडण्याआधी तो तीन रकान्यांचा तक्ता प्रॉडक्शनवर पुन्हा चालवायचा आणि 'उघडा' किंवा 'मागे या' हा निर्णय कोण घेणार, त्या एका माणसाचं नाव आधी ठरवायचं. आमच्याकडे हा निर्णय फायनान्स हेड घेतात आणि त्या रात्री ते जागे असतात.

पहिला महिना बंद होईपर्यंत टीम हलवू नका. चुका घसाऱ्याच्या रनला आणि क्लोजिंगला वर येतात, गो-लाइव्हच्या दिवशी नाही.

नोंदवही, आणि एस-फोरचा प्रश्न

प्रत्येक दिव्याची एक ओळ: फंक्शनचं नाव, कोणत्या खात्याने मागितलं, का, परतीचं आहे की नाही, पूर्वअट म्हणून सोबत काय आलं, लायसन्सचं उत्तर कोणत्या मेलमध्ये आहे, तिन्ही सिस्टिममध्ये कोणत्या तारखेला लागलं. साध्या एक्सेलमध्ये चालतं. माणसं बदलतात, व्हेंडर बदलतात, ही फाइल राहते.

तिचा उपयोग आता जास्त आहे. ईसीसीच्या सहाव्या ते आठव्या पॅकेजांचा मुख्य सपोर्ट २०२७ अखेर संपतो, आणि अनेकांनी एस-फोरची तयारी सुरू केली आहे. तिथे फंक्शन्सचे तीन प्रकार आहेत: कायम चालू, कायम बंद, आणि ग्राहकाने ठरवायची. ईसीसीत बंद असलेलं फंक्शन तिथे 'कायम चालू'मध्ये असेल तर ते आपोआप चालू होतं, म्हणजे युजरला नवं काहीतरी दिसणार, त्याची तयारी हवी. उलट बाजू अडचणीची आहे. आज आपल्याकडे चालू असलेलं फंक्शन ज्या आवृत्तीत जायचं तिथे 'कायम बंद'मध्ये असेल, तर त्या आवृत्तीत रूपांतर करताच येत नाही. कायम बंद असणाऱ्यांची यादी सॅपच्या नोट क्रमांक २२४०३५९ मध्ये आहे, कायम चालूची २२४०३६० मध्ये. आवृत्तीगणिक त्यात फरक होतो, म्हणून आपल्या आवृत्तीची नोंद बघायची.

आता ईसीसीत नवा दिवा लावण्याची कोणतीही मागणी आली की मी आधी २२४०३५९ उघडते आणि त्या फंक्शनचं नाव शोधते. चाकणच्या त्या कारखान्याची नोंदवही आम्ही नंतर बसून केली. मेंटेनन्सच्या त्या फंक्शनपुढे 'कोणी मागितलं' हा रकाना रिकामा होता. सुपरवायझरांनी वापरून पाहून, कामाचं आहे म्हणून, त्यात आपल्या खात्याचं नाव लिहिलं आणि पुढे तारीख घातली.